व्हिडिओ गेम पार्लर काढताय? मशिनं सगळ्यात शेवटी घ्या

माझी पहिली पाच मशिनं कोपरखैरण्याच्या गाळ्यात तीन महिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली उभी होती. भाडं सुरू, बँकेचा हप्ता सुरू आणि शटर अर्धं खाली. शाळेतून येणारी पोरं वाकून आत बघायची आणि विचारायची, "काका, कधी चालू होणार?" मलाच माहीत नव्हतं, त्यांना काय सांगणार? आधी मशिनं, मग जागा, मग वायरिंग आणि परवानगीचा विचार शेवटी, असा माझा कारभार झाला होता.

खाली दिलेला क्रम त्याच्या बरोबर उलटा आहे. ठाणे किंवा नवी मुंबईत चारशे-पाचशे चौरस फुटांत, आठ-दहा मशिनं आणि दोन मुलं कामाला ठेवून पार्लर काढू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मॉलमधल्या मोठ्या गेम झोनचं गणित निराळं असतं, त्यात मी शिरत नाही.

१. कुठल्या प्रकारचं पार्लर, ते आधी ठरवा

लोक तिन्ही प्रकारांना 'गेमिंग' म्हणतात, पण कागदपत्रं, खर्च आणि गिऱ्हाईक तिन्हींचं वेगळं.

टोकनवाली मशिनं म्हणजे रेसिंग, शूटिंग, एअर हॉकी, बास्केटबॉल. सुरुवातीचा खर्च जास्त, पण नीट राखलं तर मशीन वर्षानुवर्षं चालतं आणि आई-बाबा पोरांना घेऊन स्वतः येतात.

कन्सोल तासावर देणं सगळ्यात स्वस्त. एक प्लेस्टेशन ५ पन्नास-पंचावन्न हजारांच्या आसपास, वर टीव्ही आणि जादा कंट्रोलर. गिऱ्हाईक कॉलेजचं. यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. कन्सोलच्या सॉफ्टवेअरचा करार घरगुती, वैयक्तिक वापरासाठी असतो. तासावर भाड्यानं देणारे गल्लोगल्ली आहेत हे खरं, पण करारात काय लिहिलंय ते वाचून मग उतरा.

तिसरा प्रकार पीसीचा. लोकांना पैसे घेऊन इंटरनेट दिलंत की सायबर कॅफेचे २०११ चे नियम लागू होतात. म्हणजे प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, वेळेची नोंद ठेवायची आणि ती किमान वर्षभर जपायची. केबिन केलीत तर पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच चालत नाही. आरशासारख्या काचेच्या बंद केबिन करून मागाहून तोडाव्या लागलेले दोघे मला माहीत आहेत. गेमच्या परवान्यासाठी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचा पीसी कॅफेंसाठी वेगळा कार्यक्रम आहे, तो बघा. चोरीचं सॉफ्टवेअर दुकानात वापरणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब खाली गुन्हा आहे, आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे.

मी टोकनवाली मशिनं आणि दोन कन्सोल अशी मिसळ केली. पुढचं बरंचसं त्याच अनुभवातून.

२. जागा कोणाच्या हद्दीत येते ते शोधा

माझे सगळ्यात जास्त हेलपाटे इथेच झाले. मला पहिल्यांदा खारघरची एक जागा आवडली होती. अर्ज घेऊन मी ठाण्याला, कोर्ट नाक्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो. रांगेत तासभर उभा राहिलो. कारकुनानं पत्ता वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "साहेब, हे रायगडात येतं. अलिबागला जा."

बोलताना आपण 'नवी मुंबई' म्हणतो, पण कागदावर ती एक नाही. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत महापालिका नवी मुंबईची, पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं आणि जिल्हा ठाणे. बेलापूर ओलांडून खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेलला गेलात की महापालिका पनवेलची, जी १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. जिल्हा रायगड, पण पोलीस आयुक्तालय मात्र नवी मुंबईचंच. ठाणे शहरात तिन्ही गोष्टी ठाण्याच्या, तिथे घोळ नाही.

विजेचंही तसंच. बहुतेक ठिकाणी महावितरण, पण कळवा, मुंब्रा आणि शीळ भागात मार्च २०२० पासून टोरंट ही खासगी कंपनी. नवी मुंबईत आणखी एक पाहुणा असतो, तो म्हणजे सिडको, हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ. जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आहे. त्यामुळे भूखंडाचा वापर काय लिहिलाय, हे पालिकेच्या कागदाबरोबर सिडकोच्या करारातही बघावं लागतं.

एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा: पालिका कोणती, पोलीस ठाणे कोणतं, जिल्हा कोणता, वीज कोणाची. तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

३. जागा बघताना

ब्रोकर म्हणेल, "सगळं चालतं हो इथे." त्याला चालतं, कारण त्याची दलाली एका महिन्यात मिळते.

मालकाकडे पहिल्याच भेटीत भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) आणि मंजूर नकाशा मागा. नकाशात तुमचा गाळा 'दुकान' म्हणून दिसला पाहिजे. स्टिल्ट (इमारतीखालची खांबांची मोकळी जागा), तळघर, पार्किंगला भिंत घालून केलेली खोली, पोटमाळा यांच्या वाटेला जाऊ नका. घणसोली, कोपरखैरणे, तळवलीच्या गावठाणांत भाडं निम्म्यानं कमी मिळेल. तिथल्या अनेक इमारतींना भोगवटा प्रमाणपत्रच नाही, आणि ते नसलं की पुढची प्रत्येक परवानगी अडते.

शाळेच्या फाटकासमोरची जागा सोन्यासारखी वाटते. टाळा. पोरं तास बुडवून येतात, मग मुख्याध्यापक येतात, मग पालक, मग नगरसेवक. त्यापेक्षा क्लासेस असलेला रस्ता बरा. क्लास सुटल्यावर अर्धा तास खेळून घरी जाणारं पोरगं हेच आपलं रोजचं गिऱ्हाईक.

घोडबंदर रोडला माझ्या एका मित्राचा अंदाज चुकला. आजूबाजूला शेकडो फ्लॅट, म्हणून त्यानं गाळा घेतला. पण त्या टॉवरांत क्लबहाऊस असतं, तिथे टेबल टेनिसपासून सगळं असतं, आणि पोरं खाली रस्त्यावर उतरतच नाहीत. उलट नवी मुंबईच्या सेक्टरांत पोरं सायकलवर फिरतात. जागा पक्की करण्याआधी एक बुधवार आणि एक रविवार, संध्याकाळी पाच ते नऊ, समोरच्या टपरीवर चहा घेत बसा आणि दहा ते वीस वयाची किती पोरं जातात ते मोजा.

लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा) करार नोंदवलेलाच हवा, नोटरी चालत नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात अनामत रकमेचा थोडा हिशेब मिळवतात. अकरा महिन्यांचा करार करू नका. मशिनं हलवणं म्हणजे घर हलवणं नव्हे. तीन वर्षांचा करा आणि त्यात एक वाक्य घाला: 'परवानगी नाकारली गेल्यास लायसन्सी लॉक-इनशिवाय जागा सोडू शकेल.' लॉक-इन म्हणजे जागा सोडता न येण्याची मुदत. माझ्या करारात ते वाक्य नव्हतं.

४. पोलीस आणि जिल्हाधिकारी

महाराष्ट्रात 'व्हिडिओ गेम पार्लर' हे शब्द पोलिसांच्या कानावर वेगळे पडतात. गेली कित्येक वर्षं या नावाच्या पाटीमागे आकड्यांची, चक्रीची मशिनं चालवून जुगार खेळवला गेला, धाडी पडल्या, पेपरात बातम्या आल्या. तुम्ही कितीही सरळ असलात तरी टेबलापलीकडचा माणूस आधी त्याच नजरेनं बघणार. याचा राग धरू नका. तयारी करून जा.

कायदा सांगायचा तर, सार्वजनिक करमणुकीच्या जागांवर नियंत्रणाचे अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ मधून येतात, आणि जुगाराचा कायदा १८८७ चा आहे. त्या कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. म्हणून खेळणाऱ्याला पैसे परत मिळतात का, आणि निकाल नशिबावर आहे की हातावर, या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे लेखी असली पाहिजेत.

मी शेवटी काय केलं ते सांगतो. माझी मशिनं आधीच आलेली होती, म्हणून प्रत्येकाचा समोरून आणि मागून फोटो काढला. खाली मराठीत तीन ओळी लिहिल्या: खेळ काय, एका टोकनला किती वेळ, आणि 'या मशीनमधून रोख रक्कम, कुपन किंवा पैशात बदलता येणारं काहीही मिळत नाही.' जागेचा नकाशा, कॅमेरे कुठे लागणार त्याच्या खुणा, आत-बाहेर जायचे मार्ग. हे सगळं बाइंडिंग करून आयुक्तालयाच्या परवाना शाखेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक शाखेत दिलं. त्याआधी दोनदा मोकळ्या हातानं गेलो होतो तेव्हा कोणी बसायलाही सांगितलं नव्हतं.

"जीएसटी आला, करमणूक कर गेला, आता परवानगी लागत नाही" असं सांगणारे भेटतील. करमणूक शुल्क १ जुलै २०१७ पासून जीएसटीत गेलं हे खरं. पण कर जाणं वेगळं आणि परवानगी जाणं वेगळं. दोन्हीकडे लेखी अर्ज द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या आणि तुमच्या जागेसाठी काय लागेल ते लेखीच मागा. तोंडी 'चालेल'वर एक खिळाही ठोकू नका.

आणखी एक सापळा. दुकान उघडलं की महिन्याभरात एक माणूस येईल. गोड बोलेल. "कोपऱ्यात माझी दोन मशिनं ठेवा, वीज तुमची, बाकी निम्मं-निम्मं." मशीनवर फळं फिरत असतील किंवा आकडे. त्याला चहासुद्धा देऊ नका. ऑनलाइन पैसे लावून खेळण्याचं तर नावच काढू नका, २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं त्यावर बंदी आहे. क्रेन मशीनमधून खेळणं निघतं तिथवर ठीक, पण त्यात नोटा चिकटवलेली पाकिटं टाकायची कल्पना कोणाला सुचली तर त्याला घरी पाठवा.

५. बाकीचे कागद

हे काम तुलनेनं सोपं. बहुतेक ऑनलाइन होतं.

- पॅन, आधार, फोटो, नोंदवलेला करार, मालकाचं आणि सोसायटीचं ना हरकत पत्र, अलीकडचं वीजबिल.
- गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी. दोन-चारच कामगार असतील तर २०१७ च्या कायद्यानुसार परवाना नाही, फक्त फॉर्म 'एफ'मध्ये सूचना द्यायची. धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत. त्याची पावती बँकेत चालू खातं उघडायला लागते.
- उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. फुकट आहे. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या खासगी साइट हजार-दोन हजार उकळतात. पैसे मागितले की खिडकी बंद करा.
- व्यवसाय कर. मालक म्हणून वर्षाला २,५०० रुपये, कामगारांचा वेगळा.
- जीएसटी. सेवेसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की सक्तीची. दर १८ टक्के धरून चाला आणि सीएकडून एकदा ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना (लहान धंद्यांसाठी कमी दराची) तुम्हाला परवडते का ते समजून घ्या. आपलं गिऱ्हाईक कर परत मागणारं नाही, म्हणून मला ती परवडली.
- महापालिकेचा व्यवसाय परवाना आणि अग्निशमन विभागाचा दाखला.
- चिप्स, कोल्ड्रिंक विकणार असाल तर अन्न परवान्याची मूलभूत नोंदणी.
- गाणी लावणार असाल तर गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या पीपीएल आणि आयपीआरएस या संस्थांचे परवाने. मी गाणी बंद ठेवली. मशिनांचाच इतका आवाज असतो की कोणी विचारलं नाही.

पाटी मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा अक्षर लहान नको. दहापेक्षा कमी कामगार असले तरी हा नियम लागू आहे. माझ्या पेंटरनं इंग्रजी नाव मोठं आणि मराठी कोपऱ्यात केलं होतं. पाटी दुसऱ्यांदा करावी लागली, खर्च माझा.

६. वीज आणि आग

आधी भार काढा. दहा मशिनं सरासरी ४०० वॉट धरली तर ४ किलोवॉट. दीड टनाचे दोन एसी मिळून साधारण साडेतीन. दिवे, कॅमेरे, पंखे, फ्रीज यांचं एक. म्हणजे साडेआठ. मी दहा किलोवॉटचं थ्री-फेज कनेक्शन मागितलं. मीटर व्यापारी दराचाच घ्या. घरगुती मीटरवर दुकान चालवताना पकडलं गेलं तर विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते.

मशिनांचे डबे लोखंडी किंवा आत लोखंडी सांगाडा असलेले. पावसाळ्यात पोरं ओल्या पायांनी, ओल्या हातांनी येतात. म्हणून परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थिंग तपासून घ्या आणि प्रत्येक सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. इथे पैसे वाचवू नका.

२५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनला आग लागली, २७ जण गेले, त्यात लहान मुलं होती. पत्र्याचं बांधकाम, आत वेल्डिंग सुरू आणि अग्निशमनाचा दाखला नाही. त्या आठवड्यात मी माझ्या गाळ्यात उभा राहून छताकडे बघत होतो. थर्माकोलची फॉल्स सीलिंग, फोमचा सोफा, भिंतीला कार्पेट आणि दार एकच. सीलिंग काढली, सोफ्याच्या जागी लाकडी बाक केले. मालकाला तयार करून मागचं बंद दार उघडून घेतलं. त्या दारासमोर आजही आम्ही एक स्टूलसुद्धा ठेवत नाही.

विजेच्या आगीसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वेगळा ठेवा, एबीसी पावडरचा वेगळा. नोकरांना ते चालवून दाखवा, फक्त भिंतीला टांगू नका. यंत्रणा बसवल्याचं फॉर्म 'ए' आणि ती चालू स्थितीत असल्याचं फॉर्म 'बी' परवानाधारक संस्थेकडून घ्यायचं. 'बी' दर वर्षी दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. मोबाइलवर गजर लावून ठेवा.

७. हिशेब

उदाहरण घेऊ. भाडं ४५,०००, वीज १४,०००, दोन पगार मिळून ३०,०००, दुरुस्ती ६,०००, इंटरनेट-चहा-किरकोळ २,०००. झाले ९७,००० महिन्याला. म्हणजे दिवसाला ३,२३३ रुपये नुसतं शटर उघडण्याचे. तासाला १०० रुपये धरले तर रोज ३३ तास विकले गेले पाहिजेत. सहा जागा, अकरा तास म्हणजे ६६ तास. निम्मे भरले तर तुम्ही शून्यावर, बँकेचा हप्ता अजून बाकी. तुमच्या जागेचे आकडे घालून हे गणित बायकोला किंवा भावाला समजावून सांगा. त्यांना पटलं तर पुढे जा.

महिने सारखे नसतात. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे, दुकान ओस. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी हात भरून देते. म्हणून दुकान मार्चच्या शेवटी सुरू होईल असं बघा, आणि हाताशी चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

८. आता मशिनं

परवानगीचा कागद हातात आल्यावर. आकारमान आधी मोजा. माझं रेसिंगचं मशीन शटरमधून आत जाईना, सीट उघडून काढावी लागली.

चीनमधून थेट मागवायचा मोह होतो, न्हावा शेवा बंदर तर शेजारीच. पण इलेक्ट्रॉनिक व्हिडिओ गेम बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) सक्तीच्या नोंदणीत आहेत. नोंदणी नसलेला माल बंदरात अडकला की त्याचं भाडं चढत जातं. पहिल्या खेपेला इथल्याच आयातदाराकडून घ्या, बिल आणि बीआयएस क्रमांक मागा. जुनं जपानी मशीन स्वस्तात मिळालं तर मागची पट्टी वाचा. ते १०० व्होल्टचं असतं, आपली वीज २३० ची. ट्रान्सफॉर्मर न लावता पिन खुपसली की धूर.

जुनं मशीन घेताना अर्धा तास चालवून बघा, नंतर पाठ उघडून पंखा आणि पॉवर सप्लायला हात लावून तापतंय का पाहा. बटणं, त्यांच्याखालचे मायक्रोस्विच, एसएमपीएस (पॉवर सप्लाय), कॉइन मेक (नाणं ओळखणारा भाग) हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतात का, ते मशीन घेण्याआधी विचारून या.

९. चालवताना

खाडीजवळच्या हवेत, वाशी-नेरुळकडे विशेष, कॉन्टॅक्ट गंजतात. जून ते सप्टेंबर दर सोमवारी सकाळी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. युनिफॉर्ममध्ये आलेल्या पोराला शाळेच्या वेळेत टोकन देऊ नका, मग तो सोसायटीच्या अध्यक्षांचा नातू का असेना.

नाणं घालायची फट पाच रुपयांच्या नाण्याच्या मापाची ठेवू नका, वेगळ्या मापाचं टोकन घ्या. माझ्याकडे एका पोरानं टोकनला भोक पाडून दोरा बांधला होता. आत सोडायचा, क्रेडिट (खेळायची पाळी) पडलं की वर ओढायचा. दीड महिना मी गल्ला का जुळत नाही म्हणून कामगारांवर संशय घेत होतो. सापडला तेव्हा त्याला ओरडलो नाही, मशीन उघडून दोरा कापणारी पट्टी कशी बसवायची ते त्याच्याच मदतीनं शोधलं.

रोज रात्री टोकनं हातानं मोजत बसू नका. शंभर टोकनांचं एकदा वजन करा आणि किराणा दुकानातला साधा डिजिटल काटा गल्ल्याशेजारी ठेवा.